स्मिथ एवढे का? लोहार जास्त होते म्हणून, हे मला पटत नाही

भुईनळा:
परवा मॅच बघताना स्टीव्ह स्मिथ खेळायला आला आणि आमच्या मामांनी ठेवणीतलं वाक्य काढलं, "स्मिथ म्हणजे लोहार. तिकडे गावोगाव लोहार, म्हणून गल्लोगल्ली स्मिथ." (ऑस्ट्रेलियाकडून ऐंशीच्या दशकातही एक स्टीव्ह स्मिथ खेळून गेलाय, हे सांगितल्यावर मामा आणखीच खूश.)

अर्थाबद्दल वाद नाही. माझा आक्षेप त्या "म्हणून"वर आहे. गावोगाव लोहार आपल्याकडेही होते, बारा बलुतेदारांत त्यांचा मान होता. मग महाराष्ट्रात पहिल्या नंबरचं आडनाव लोहार का नाही? इथे गर्दी जाधव, पवार, शिंद्यांची.

मला वाटतं, स्मिथ फुगलं ते बाहेरची माणसं त्यात येऊन मिळाली म्हणून. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत २४ लाख ४२ हजार ९७७ स्मिथ होते, देशात पहिला क्रमांक. त्यातले सुमारे २३ टक्के कृष्णवर्णीय. त्यांचे आफ्रिकेतले पूर्वज काही इंग्लंडातल्या भट्टीवर भाता मारत नव्हते. गुलामगिरीच्या काळात आणि ती संपल्यावर कुणाला मालकाचं नाव चिकटलं, कुणी स्वतः निवडलं. जर्मन श्मिटांनी, पोलिश कोवाल्स्कींनी तिकडे गेल्यावर स्मिथ लावलं. आयर्लंडच्या कॅव्हन भागात तर गेलिक (तिथली मूळ भाषा) नावाच्या मॅकगोवनांचे स्मिथ झाले. आता यात "लोहार जास्त होते" कुठे बसतं?

चिंचोका:
अहो, तुम्ही स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलात. श्मिट म्हणजे लोहार, कोवाल्स्की लोहारापासूनच, मॅकगोवन म्हणजे लोहाराचा मुलगा. ही बाहेरची माणसं नाहीत, एकाच ऐरणीवरची भावंडं आहेत. हंगेरीत कोवाच, रशियात कुझ्नेत्सोव्ह, इटलीत फेरारी, फ्रान्समध्ये लफेव्र, स्पेनमध्ये हेरेरो, अरबांत हद्दाद. एवढ्या भाषांनी एकमेकींना न विचारता एकाच धंद्याला आडनाव केलं, याला योगायोग म्हणायचं का?

आणि अमेरिका कशाला मध्ये आणता? वाद इंग्लिश आडनावाचा आहे. १८५३ साली इंग्लंड आणि वेल्सच्या रजिस्ट्रार जनरलने आडनावांचा अंदाज काढला होता. स्मिथ सुमारे अडीच लाख, दर ७३ माणसांत एक. मागोमाग जोन्स, तेही वेल्सच्या जिवावर. तेव्हा तिथे कोवाल्स्की होते कुठे?

आडवातिडवा:
दर ७३ ला एक हा आकडा मला फार आवडला. साठ-सत्तर उंबऱ्यांच्या गावात लोहाराचं घर एक. हिशेब जुळतो की राव!

पण एक सांगा, शेतकरी तर लोहारापेक्षा कितीतरी जास्त होते. जास्त असण्यानेच आडनाव वाढतं तर फार्मर पहिलं यायला हवं होतं.

चिंचोका:
@आडवातिडवा, गंमत तीच आहे. "ए शेतकऱ्या" अशी हाक मारली तर अख्खं गाव वळून बघेल. "ए लोहारा" म्हटलं की एकच माणूस हातोडा खाली ठेवेल. ओळख पटवायला गावात एकच असणारा लागतो, पण असा एक प्रत्येक गावात हवा. लोहार दोन्ही अटींत बसतो. म्हणजे लोहार *जास्त* होते असं नाही, ते *सगळीकडे* होते. मामांचं वाक्य एवढंच दुरुस्त करा.

उत्तररात्र:
दोन मुद्दे. एक, स्मिथ हा शब्द "स्माइट" म्हणजे ठोकणे यावरून आला. दुसरा, लढाईच्या वेळी लोहारांना शस्त्रं बनवायला मागे ठेवत, बाकीचे मरत. म्हणून लोहारांचे वंश टिकले आणि स्मिथ वाढले. हे मी बऱ्याच ठिकाणी वाचलंय.

जुनी_वही:
बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं खरं. ते "स्माइट" आधी सोडा. दोन्ही शब्द कानाला जवळचे वाटतात, पण घराणी वेगळी. स्मिथ जर्मानिक भाषांत मुळात कारागीर होता, नुसता लोखंडाचा नव्हे. आइसलँडमध्ये आजही "स्मिदुर" म्हटलं की बरेचदा सुतार डोळ्यासमोर येतो. म्हणजे मामांचा लोहारसुद्धा शंभर टक्के लोहार नाही!

लढाईची गोष्ट ऐकायला छान आहे. पण सैन्याला लोहार बरोबर लागायचाच, घोड्यांचे नाल काय राजा ठोकणार होता? शिवाय मध्ययुगात माणसं लढाईपेक्षा रोगराईने जास्त मेली. १३४८ च्या प्लेगने काही हातोडा बघून कुणाला सोडलं नाही.

आता भुईनळांचा खरा प्रश्न, आपल्याकडे लोहार पहिलं का नाही. त्याचं उत्तर मला १३७९ च्या इंग्लंडातल्या डोईपट्टीत, म्हणजे माणशी करात दिसतं. साध्या माणसाला चार पेन्स, कारागिराला सहा, म्हणून यॉर्कशरच्या याद्यांत नावापुढे धंदाही लिहिलाय. त्याच सुमारास आडनावं वंशपरंपरेने चालू लागली होती. लोहाराचा मुलगा विणकर झाला तरी स्मिथच राहिला, त्याची मुलं शहरात दुकान टाकून बसली तरी स्मिथच. नाव धंद्यातून सुटलं आणि मोकळं फिरायला लागलं. आपल्याकडे लोहारकी जातीत अडकून राहिली. ओळख सांगायला जात होतीच, मग आडनाव कुळावरून नाहीतर गावावरून पडायचं. लोहार आडनावही आहेच, पण त्याला असं सुटं फिरता आलं नाही.

(अवांतर: पुढची डोईपट्टी नको झाली म्हणून १३८१ मध्ये शेतकऱ्यांनी उठाव केला. त्यांचा पुढारी वॉट टायलर. टायलर म्हणजे कौलं घालणारा.)

भुईनळा:
@जुनी_वही, जातीचा मुद्दा मला सुचला नव्हता. मान्य. इंग्लंडपुरता चिंचोकांचा मुद्दाही मान्य, "सगळीकडे" हा शब्द बरोबर आहे.

पण अमेरिकेवरून मी हटणार नाही. तिथे स्मिथ हे एक प्रकारचं धर्मशाळेसारखं नाव झालंय. कुणीही यावं, रात्र काढावी. इंग्लंडमधल्या रोमानी, म्हणजे जिप्सी लोकांचंच बघा. त्यांच्यात पेटुलेंग्रो नावाचे लोक असतात, अर्थ नालबंद, आणि बाहेरच्यांत वावरताना तेच स्मिथ.

आडवातिडवा:
आणि ते न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर, जिथे बोटीने अमेरिकेत येणाऱ्यांची तपासणी व्हायची, तिथल्या कारकुनाला नाव उच्चारता यायचं नाही, म्हणून तो ठोकून द्यायचा स्मिथ!

जुनी_वही:
नाही हो, ही पण दंतकथाच. प्रवाशांची यादी जहाज निघायच्या बंदरावरच तयार व्हायची, एलिस बेटावरचा कारकून फक्त ती ताडून बघायचा. नावं बदलली ती नंतर, लोकांनी स्वतःच, नोकरीसाठी आणि शेजाऱ्यांच्या जिभेसाठी.

चिंचोका:
@भुईनळा, पेटुलेंग्रोचा अर्थही नालबंदच निघाला, बघा. धर्मशाळा म्हणता, पण दारात ऐरण आहेच.

आणि नुसते स्मिथच का मोजताय? गोल्डस्मिथ आपला सोनार. अॅरोस्मिथ बाणांची टोकं घडवणारा. सिक्सस्मिथमध्ये सहाचा काही संबंध नाही, तो विळे करणारा. नेस्मिथ सुऱ्या करणारा, आणि १८९१ मध्ये बास्केटबॉल काढला तो जेम्स नेस्मिथच. सगळ्यांची बेरीज करा आणि मग मला बाहेरच्यांचं सांगा.

उत्तररात्र:
माझे दोन्ही मुद्दे गेले, ठीक आहे. पण इतक्या स्मिथांत एखादा आपल्याकडे येऊन गेला की नाही?

जुनी_वही:
आला होता ना. कॅप्टन जॉन स्मिथ, मद्रास फौजेतला घोडदळवाला. एप्रिल १८१९ मध्ये शिकारीला आला आणि अजिंठ्याच्या लेण्यांशी पोचला. दहाव्या लेण्यातल्या खांबावर स्वतःचं नाव आणि तारीख कोरून गेला. तेव्हा लेण्यात दगडमातीचा ढीग होता, त्यावर उभं राहून कोरलं. ढीग नंतर उपसला, म्हणून आता ते वाचायला मान वर करावी लागते. एवढ्या स्मिथांच्या गर्दीत हा नेमका कोण, हे कळावं म्हणून बिचाऱ्याने पलटणही लिहून ठेवलीय.