मंडळाने गट ‘निलंबित’ केला, ‘स्थगित’ केला, की ‘तहकूब’?

ओसरी
एका तांत्रिक लेखाचा अनुवाद करतेय आणि एका क्रियापदापाशी गाडी अडलीय. चालत्या वाहनात बसूनही इंटरनेट नीट मिळावं म्हणून आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने एका गटाकडून ८०२.२० नावाचं मानक करायला घेतलं. डिसेंबर २००२ मध्ये प्रकल्पाला परवानगी मिळाली. साडेतीन गिगाहर्ट्झच्या खालचे परवान्याचे लहरींचे पट्टे, माणशी एक मेगाबिटपेक्षा जास्त कमाल वेग आणि ताशी २५० किलोमीटरने पळतानाही जोडणी टिकली पाहिजे, असा बेत होता. पुढे गटात धुसफुस सुरू झाली. कारभार पारदर्शक नाही, दबदबा चालतो, असं वर जाऊन पोचलं आणि जून २००६ मध्ये संस्थेच्या मानक मंडळाने गटाचं सगळं काम १ ऑक्टोबरपर्यंत थांबवलं. इंग्रजीत क्रियापद आहे ‘सस्पेंड’.

मी लिहिलं, ‘गट निलंबित केला’. संपादकांनी लाल शाईने खोडून बाजूला लिहिलं: ‘निलंबित तलाठी होतो. स्थगित करा.’ मला ‘स्थगित’ गुळमुळीत वाटतं. तुम्ही काय लिहाल? (शीर्षक ‘फिरत्या बिनतारी ब्रॉडबँडची गोष्ट’, ते मात्र पास झालं.)

पानसुपारी
संपादकांचं बरोबर आहे. निलंबन माणसाचं होतं. त्यामागे चौकशी, निर्वाह भत्ता, मुख्यालय सोडायचं नाही, असा सगळा लवाजमा येतो. काम असतं ते स्थगित होतं.

लोलक
पण इथे चौकशीचा वास आहेच की! ‘स्थगित’ म्हटलं की पाऊस आला म्हणून सहल पुढे ढकलल्यासारखं वाटतं. शिवाय ‘निलंबित’च्या पोटात लंब आहे. लोंबणे, लोंबकळणे त्याच घरातले. शाळेत शिकलेलं निलंबन आठवा: पाण्यातला गाळ, विरघळतही नाही आणि लवकर तळालाही बसत नाही. चार महिने त्या गटाचं तेच झालं असणार.

आडगाव बुद्रुक
तुम्ही दोघंही ‘तहकूब’ विसरलात. आमच्या सोसायटीची वार्षिक सभा दरवर्षी दहाला बोलावतात, दहाला गणपूर्ती नसते, सचिव रजिस्टरमध्ये ‘सभा अर्धा तास तहकूब’ लिहितात आणि साडेदहाला त्याच खुर्च्यांवर तीच अकरा माणसं सभा भरवतात. ठरलेल्या वेळेपर्यंत थांबवायचं, मोडायचं नाही, यासाठी मराठीत याहून नेमका शब्द नाही. विधानसभाही तहकूबच होते.

पानसुपारी
अरबीतून आलेला शब्द. संस्कृत शब्द हाताशी असताना मुद्दाम तिकडे कशाला जायचं?

आडगाव बुद्रुक
मग मसुदा, मंजूर, हरकत, तारीख हेही परत पाठवा आणि सभा चालवून दाखवा. वरच्या ‘लाल शाई’लाही जावं लागेल. शाई म्हणजे स्याही, म्हणजे काळी. संपादकांनी लाल काळीने दुरुस्ती केली आणि कुणाचं काही अडलं नाही.

टॉवरवाला
क्रियापदाचं सोडा, आधी शीर्षक बदला. ‘फिरतं’ चूक आहे. फिरतं ग्रंथालय, फिरता दवाखाना यांत सेवा आपल्या दारात येते, आपण ओट्यावर बसलेले असतो. इथे उलटं आहे. टॉवर जागचा हलत नाही, गिऱ्हाईक फिरतं.

मी काही वर्षं ड्राइव्ह टेस्टला होतो, म्हणजे गाडीतून फिरत नेटवर्क तपासायच्या कामावर. सुमोत मागच्या सीटवर मांडीवर लॅपटॉप, रबरबँडने बांधलेले तीन हँडसेट, खिडकीला चिकटवलेला जीपीएसचा अँटेना. एक्स्प्रेस वेवर बोगद्यात शिरलो की ड्रायव्हर सवयीने विचारायचा, ‘तुटला का?’ तुटलेला असायचाच. एका साइटकडून, म्हणजे टॉवरकडून, दुसरीकडे कॉल सोपवायचा (हँडओव्हर), आणि ती पलीकडची साइट अजून दिसतच नाहीये, असा प्रकार. जागेवर बसलेल्याला इंटरनेट देणं आणि पळत्याला देणं यांत हाच फरक. आयईईईच्याच शेजारच्या गटाचं ८०२.१६ हे बिनतारी ब्रॉडबँडचं मानक सुरुवातीला बसलेल्यांसाठीच होतं, पळत्यांची सोय डिसेंबर २००५ च्या ‘ई’ पुरवणीत झाली. म्हणजे ८०२.२० वाले भांडत होते तोवर शेजारच्या गटाने ताट वाढून घेतलं. त्यामुळे शीर्षकात ‘फिरतं’ नको.

मुक्काम पोस्ट
‘जंगम’ घ्या! स्थावर-जंगम मालमत्ता सगळ्यांना कळते. जंगम ब्रॉडबँड.

लोलक
आमच्या सोलापूरकडे जंगम म्हटलं की घरी पूजेला येणारे स्वामी डोळ्यांपुढे येतात. राउटर बसवायला त्यांना बोलावलंय असं वाटेल.

पानसुपारी
‘भ्रमण’ का नको? भ्रमणध्वनी रुळला आहे.

मुक्काम पोस्ट
कुठे रुळला? लग्नपत्रिकेत आणि सरकारी पत्राच्या डोक्यावर. त्याच पत्रात खाली ‘मोबाइलवर संपर्क साधावा’ असतं.

टॉवरवाला
‘मोबाइल’चीही गंमत आहे. आपण त्याचं नाम करून टाकलं, तो आता खिशातला डबा आहे. ‘मोबाइल ब्रॉडबँड’ म्हटलं की लोकांना डब्यातलं इंटरनेट वाटतं, चालत्या गाडीतलं नाही. आपल्याकडच्या फाइव्ह-जी-आयमध्ये, म्हणजे फाइव्ह-जीच्या भारतीय मानकात, तर गरजच उलटी मांडली होती: माणसं फार पळत नाहीत, पण गावं लांब लांब, म्हणून टॉवर सहा किलोमीटरवर धरा. नोव्हेंबर २०२० मध्ये आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने ते मान्य केलं, पुढे मोबाइलची जागतिक मानकं करणाऱ्या थ्री-जी-पी-पीच्या सतराव्या आवृत्तीत ते विरघळलं. त्या गरजेचं मराठी नाव कुणी केलंय का? ‘मंदगती-दूरटॉवर’ असं काही?

ओसरी
मंडळी, माझं क्रियापद! आणि आता दुसरंही आलंय. गटाचं काम पुन्हा सुरू झालं, पुढे मतदान माणशी न ठेवता संस्थेमागे एक मत असं केलं, आणि १२ जून २००८ ला मानक एकदाचं पार पडलं. मी लिहिलंय ‘मानक अनुमोदित झाले’.

आडगाव बुद्रुक
अहो ताई, नको! ‘सूचक: अमुक, अनुमोदक: तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर.’ अनुमोदन म्हणजे दुसऱ्याने हात वर करणं. ठराव त्यानंतर मताला टाकतात आणि तो पडूही शकतो. तुमचं वाक्य वाचून मी म्हणेन, बरं, मग मतदान कधी?

पानसुपारी
हा अर्थ फक्त सभेपुरता. मूळ अर्थ संमती देणे असाच आहे.

आडगाव बुद्रुक
हिंदीत. मराठी माणूस तो शब्द फक्त सभेतच ऐकतो, मग सभेपुरता म्हणजे सगळाच झाला ना? ‘मंजूर’ लिहा. ‘मान्यता’ही नको, ती शाळेला मिळते.

लोलक
मतदानावरून विचारतो, तिथे किती मतं लागतात? बहुमत पुरतं?

ओसरी
पंचाहत्तर टक्के होकार. आणि नुसतं ‘नाही’ म्हणून चालत नाही. हरकत लेखी द्यायची, आणि काय बदललं तर ‘हो’ म्हणाल तेही लिहायचं. मग एकेका हरकतीचा निकाल लावून मसुदा पुन्हा फिरवायचा.

आडगाव बुद्रुक
हा नियम आमच्या सोसायटीला लावा कुणीतरी. दुसऱ्या मजल्यावरचे काका पार्किंगला ‘विरोध’ एवढंच लिहून पाठवतात.

मुक्काम पोस्ट
मंजूर झालेल्या ८०२.२० चं पुढे काय झालं? मी तर कधी ऐकलं नाही.

ओसरी
काही नाही. मार्च २०११ मध्ये गट शीतनिद्रेत गेला. तोच शब्द आहे मुळात.

लोलक
शीतनिद्रेतलं अस्वल उठतं तरी. ‘बासनात गुंडाळला’ लिहा.

पानसुपारी
मुळात नसलेलं मत घालताय. आणि तुम्ही सगळे ‘मानक’ बिनदिक्कत वापरताय तेही सांगून ठेवतो. आपलं घड्याळ भारतीय ‘प्रमाण’वेळ दाखवतं, मग यालाच ‘मानक’ का?

आडगाव बुद्रुक
‘प्रमाण’ लिहिलं की लोक ‘किती प्रमाणात?’ विचारतात. आणि ‘बिनदिक्कत’मधली दिक्कत अरबी आहे, पानसुपारीसाहेब.

ओसरी
मला आज रात्री लेख पाठवायचाय. निलंबित, स्थगित, तहकूब: एक सांगा.

टॉवरवाला
‘कामाला स्थगिती दिली’ लिहा. कोर्ट देतं तशी. स्थगित आपोआप होतं, स्थगिती कुणीतरी वरचा देतो.

लोलक
कोर्टाची स्थगिती विरुद्ध बाजूने मागितलेली असते. इथे तसा अर्ज होता का, आधी ते बघा.

मुक्काम पोस्ट
टॉवरवाला, तुम्हाला एक विचारायचं होतं. आमच्या मागच्या खोलीत रेंज येत नाही, खिडकीपाशी येते. हे हँडओव्हरचंच का?