लेंड-लीज: रशियाला नेमकं काय मिळालं?

लेंड-लीज म्हणजे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने मित्रराष्ट्रांना युद्धसामग्री पुरवण्याची योजना. तिच्यातून "अमेरिकेने रशियाला फक्त मांसाचे डबे पाठवले" हा दावा काहीजण करतात, तो पटत नाही. रक्त रशियानेच सांडलं, जर्मन सैन्याचं सर्वाधिक नुकसान पूर्व आघाडीवरच झालं, यात वाद नाही. पण ४ लाखांहून जास्त ट्रक आणि जीप विसरून कसं चालेल?

रशियाचा दीड टनी गाझ-एए ट्रक फक्त मागच्या चाकांवर ओढायचा, त्यामुळे वसंतातल्या चिखलात रुतून बसायचा. अडीच टनी अमेरिकन ट्रक स्टुडबेकर यूएस-६ च्या बहुतेक गाड्यांत सहाही चाकांना ताकद मिळे, म्हणून तोफा रणगाड्यांच्या मागोमाग पोचू लागल्या. १९४३ पासून कात्युशा (एकावेळी अनेक रॉकेट सोडणारी यंत्रं) ही प्रामुख्याने त्याच्यावरच बसवल्या. शिवाय रशियन रुंद गेजची सुमारे २,००० रेल्वे इंजिनं आली, ती वेगळीच.

सगळंच उपयोगी पडलं असंही नाही. ब्रिटनकडून आलेल्या माटिल्डा रणगाड्याच्या बाजूच्या पत्र्यांमागे बर्फ-चिखल साचून पट्टे अडकत, आणि त्याच्या दोन पौंडी तोफेला स्फोटक गोळेच दिलेले नसत. पायदळावर मारा करायचा कशाने?

तारखाही बघा. बहुतांश माल स्टालिनग्राडच्या लढाईनंतर (१९४३ च्या सुरुवातीनंतर) पोचला. तग धरली रशियाने स्वतःच्या बळावर. बर्लिनपर्यंतचा वेग मात्र या चाकांशिवाय मिळाला नसता.