शब्द पाठ केले की इंग्रजी उतारा समजतो का?

खडूवाला: आठवीच्या सेमी इंग्रजी वर्गाकडून रोज दहा शब्द पाठ करून घेतो. परवा एक पालक घसरलेच, "ही घोकंपट्टी कशाला? वाचलं की आपोआप येतं." अहो, येणार कसं? हू आणि नेशन या संशोधकांनी २००० साली मांडलं की, गोष्ट कुणाच्या मदतीशिवाय नीट समजायला साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे पन्नासात एक अडला तर चालतं. माझ्या पोरांना एकेका ओळीत तीन अडतात. संदर्भावरून अर्थ लावा म्हणे! संदर्भच अनोळखी शब्दांचा असेल तर?

उंटावरचा: रोज दहा, वर्षाचे दोनशे दिवस, म्हणजे दोन हजार. कागदावर छान दिसतं. मागच्या महिन्यातले दहा विचारून बघा एकदा.

सईची_आई: माझ्या लेकीला 'टर्न' येतो, 'डाउन' येतो, 'ऑफर' तर मराठीच झालाय. 'ही टर्न्ड डाउन द ऑफर'चं तिने काय केलं? "त्याने ऑफर खाली वळवली." यादीतले सगळे शब्द पाठ, वाक्य मात्र गेलं.

खडूवाला: मग तुम्ही माझंच म्हणणं सांगताय ताई. 'टर्न डाउन' म्हणजे नाकारणे, हाही शब्दसंग्रहच. तो तिला कमी पडला.

सईची_आई: पण सर, तुमच्या यादीत 'टर्न - वळणे' एवढंच असतं ना? वही आहे माझ्यासमोर.

जुना_वाचक: शब्द येऊनही घोटाळा होतो. स्टेफनसन, जोगदेव आणि अँडरसन यांचा १९७९चा अभ्यास बघा. अमेरिकन आणि भारतीय वाचकांना दोन इंग्रजी पत्रं दिली, एक तिकडच्या लग्नाचं, एक इकडच्या. ज्याने त्याने आपल्याकडचं पत्र लवकर वाचलं आणि जास्त लक्षात ठेवलं. अमेरिकन नवरीने आजीचा लग्नातला पोशाख घातला होता. तिथे ती कौतुकाची परंपरा. आपल्यातल्या एका वाचकाने काय लिहावं, तर पोशाख जुनाट, फॅशन गेलेला! यात कुठला शब्द अडला होता?

खडूवाला: मान्य, पण ते अमेरिकेत राहणारे भारतीय होते. शब्दांची नदी केव्हाच ओलांडलेले. माझी पोरं अजून काठावर आहेत, त्यांना पोशाखाच्या परंपरेपर्यंत पोचू तर द्या.

जुना_वाचक: नदी म्हणजे अलीकडे काहीच नाही आणि पलीकडे सगळं, असं नसतं हो. श्मिट, जिआंग आणि ग्रेब यांनी २०११ मध्ये तपासलं, तेव्हा ओळखीचे शब्द वाढतील तसतशी समज थोडी थोडी वाढत गेली. मधेच एकदम उडी नाही दिसली. मग ९८ची वाट बघत वर्ष घालवण्यापेक्षा सोपी पुस्तकं आजच हातात द्या की.

उंटावरचा: आणि लग्नाचं पत्र द्यायचं तर आपल्याकडचं द्या. हळद, वरात, रुसलेला मामा. निम्मे शब्द पोरं अंदाजानेच लावतील.

खडूवाला: पुस्तकं देतो हो, पण शाळेच्या कपाटात सोपी म्हणावीत अशी चारच आहेत, आणि वर्गात पोरं बावन्न. तोवर दहा शब्द चालूच राहतील. 'टर्न डाउन' उद्याच्या फळ्यावर घेतो, वाक्यासकट.