दुधाची पिशवी आणि वेफर्सचं पाकीट

'प्लास्टिक सगळं सारखंच, सरसकट बंद करा' असं काही जण म्हणतात, ते पटलं नाही. दुधाची पिशवी निव्वळ पॉलिथिनची. नाफ्था (कच्च्या तेलातून निघणारा द्रव) 800 अंश सेल्सिअसच्या वर तापवून फोडला की इथिलीन वायू मिळतो, त्याचे रेणू साखळीत जोडले की पॉलिथिन. एकाच जातीचं, म्हणून वितळवून पुन्हा दाणे करता येतात आणि आमचा भंगारवाला धुतलेल्या पिशव्या वजनावर घेतो. वेफर्सच्या पाकिटाला मात्र तो हात लावत नाही. पॉलिप्रॉपिलीन या दुसऱ्या जातीच्या प्लास्टिकचे थर, ॲल्युमिनियमचा अतिपातळ मुलामा, शाई, सगळं एकमेकांना चिकटलेलं; सोडवत बसणार कोण? 2018 च्या महाराष्ट्रातल्या प्लास्टिकबंदीनंतरही ही पाकिटं टपरीवर माळेसारखी लटकतच आहेत.

(आणि हो, दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकू नका. तो चिमुकला तुकडा कुणीच वेचत नाही.)