क्रॉफिश बॉइल घरी करायचंय, पण मसाला आतपर्यंत मुरत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही ह्यूस्टनला राहतो. आई-बाबा जानेवारीत आलेत, मे महिन्यात परत जातील. त्याआधी, येता सोडून पुढच्या शनिवारी, घरामागच्या अंगणात क्रॉफिश बॉइल (क्रॉफिश, बटाटे, कणसं मसाल्याच्या पाण्यात एकत्र उकळायचं आणि टेबलावर ओतून सगळ्यांनी हातानं खायचं) करायचा बेत आहे. मोठी माणसं अकरा, मुलं चार. मोठ्यांपैकी तिघं शाकाहारी. नवऱ्याच्या ऑफिसातल्या मित्राकडे आम्ही दोनदा खाल्लंय, पण घरी कधीच केलेलं नाही. मागच्या आठवड्यात थोड्या प्रमाणात करून बघितलं आणि ते बिघडलं, म्हणून हा धागा.

ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी: क्रॉफिश म्हणजे बोटाएवढी शेवंडच, फक्त गोड्या पाण्यातली. शेजारच्या लुइझियानात ते भाताच्या खाचरांत वाढवतात. भात कापायच्या वेळी पाणी काढलं की ते जमिनीत बिळं करून बसतात. शरदात खाचरं पुन्हा भरली की वर येतात, आणि मार्च-एप्रिल-मे हा त्यांचा भर असतो. हे बाबांना सांगितलं तर ते आरामखुर्चीत उठूनच बसले. "म्हणजे आपले मुठेच की गं!" (मुठे म्हणजे भातखाचरातले छोटे खेकडे.) ते पेणकडचे. लहानपणी पहिल्या पावसात रात्री बत्ती घेऊन खाचरात मुठे पकडायला जायचे. तेव्हापासून रोज विचारतात, कधी आणतेस? २०२४ च्या सुरुवातीला इथे भाव फार कडाडले होते, आदल्या वर्षी लुइझियानात दुष्काळ पडला म्हणून. त्या वर्षी आम्ही बेत सोडून दिला. या वर्षी मात्र बाबा असताना करायचंच आहे.

आता काय बिघडलं ते सांगते. क्रॉफिश न आणता आधी अडीच पौंड मोठी कोळंबी आणि चार चिंबोऱ्या आणल्या. घरातल्या ११ लिटरच्या टोपात पाणी, बॉइलचा तयार मसाला, दोन लिंबं, लसणाचे दोन गड्डे, बटाटे, मक्याची कणसं. मसाला आत जावा म्हणून सगळं एकत्र बारा मिनिटं खळाखळा उकळलं आणि लगेच निथळून टेबलावर ओतलं. कोळंबी चिवट झाली, ते कळण्यासारखं आहे. पण चिंबोरीचं काय? पाण्याच्या वाफेनं ठसका लागत होता, कवचावर लाल मसाला चिकटला होता, बोटं झोंबत होती. बाबांनी नांगी फोडली तर आतलं मांस पांढरंशुभ्र आणि अळणी. बटाटाही तसाच. बाबा म्हणाले, "पाणी तिखट झालंय, चिंबोरी नाही."

आपल्याकडे आपण नांग्या ठेचतो, पेंद्यांचे (खेकड्याच्या धडाचे) दोन तुकडे करतो, वाटणात परततो, त्यामुळे रस आत जातो. इथे तर सगळं अख्खं टाकायचं. मग मित्राकडे खाल्लेल्या क्रॉफिशच्या शेपटीत तिखट, मीठ, लिंबू कसं उतरलं होतं? माझा मुख्य प्रश्न हाच आहे.

बाकी शंका: एक पोतं, म्हणजे तीसेक पौंड, पुरेल का? त्याला मसाला आणि मीठ किती? कुणी म्हणतं मिठाच्या पाण्यात ठेवले की त्यांचं पोट साफ होतं, ते खरं का? मुलांसाठी आणि आईसाठी (तिला पित्ताचा त्रास आहे) कमी तिखट कसं काढायचं? शाकाहारी मंडळींना नुसती पोळी-भाजी वाढून बाजूला बसवायचं नाहीये, त्यांनाही याच टेबलावर हातानं खाता आलं पाहिजे. आणि पाऊस आला तर प्रोपेनची शेगडी गराजमध्ये, दार उघडं ठेवून चालेल का?

प्रतिसाद १

ताई, सोळा वर्षं लुइझियानातल्या लाफायेतला काढली आहेत, दर वसंतात चार-पाच वेळा तरी हे करतो. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. गराजमध्ये अजिबात नाही. दार उघडं असलं तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. पाऊस आला तर दिवस बदला.

आता मसाला. तो उकळताना जात नाही, गॅस बंद केल्यावर जातो. तुम्ही नेमकी मुरायची वेळच काढून टाकलीत. क्रम असा: ८० क्वार्टचा, म्हणजे ७५ लिटरच्या आसपासचा टोप आणि आत जाळीची टोपली. टोप पाण्यानं निम्माच भरा, माल पडला की पाणी वर चढतं. मसाला, आडवे कापलेले लसणाचे गड्डे, कांदे, पिळून सालासकट टाकलेली आठ-दहा लिंबं. हे उकळलं की बटाटे, बारा मिनिटं. मग सॉसेज (इथलं आंदुई डुकराचं असतं, पाहुण्यांना आधी विचारा, चिकनचंही मिळतं). मग क्रॉफिश. पाणी थंडावेल, पुन्हा उकळी येईपर्यंत थांबा. उकळी आल्यापासून तीन मिनिटं, फार तर पाच. गॅस बंद.

इथून पुढे खरा स्वयंपाक. पाणी पटकन उतरवायचं, नाहीतर ते आतल्या आत शिजत राहतात आणि कवच सुटत नाही. आम्ही फ्रीजरमधली गोठलेली कणसं त्याच वेळी टाकतो. पाणी उतरतं आणि कणसंही होतात. बर्फ वापरलात तर बंद पिशवीतून सोडा, मोकळा टाकलात तर मसाला पातळ होईल. आधी सगळे वर तरंगत असतात. मुरत गेले की खाली बसू लागतात. दहा मिनिटांनी एक काढून सोलून चाखा, मग दर पाच मिनिटांनी. माझ्याकडे साधारण वीस ते तीस मिनिटं लागतात. जास्त वेळ म्हणजे जास्त तिखट, हे मात्र लक्षात ठेवा.

पोत्याला साडेचार पौंडांचा मसाल्याचा डबा पुरतो. अर्धा सुरुवातीला, अर्धा गॅस बंद करताना. त्यात बहुधा मीठ असतंच, तरी पाणी चाखा. समुद्राचं पाणी तोंडात गेल्यासारखं लागलं पाहिजे. तुमचे बटाटे अळणी राहिले त्याचं निम्मं कारण तिथे असेल.

मिठानं पोट साफ होत नाही. मोठ्या टबात साध्या पाण्यानं तीन-चार वेळा धुवा, पाणी नितळ येईपर्यंत. मेलेले दिसतील ते काढून टाका. आदल्या दिवशी आणणार असाल तर पोतं ओलं करून बर्फपेटीत ठेवा, वर बर्फ, आणि पेटीचं बूच उघडं. साठलेल्या पाण्यातला प्राणवायू संपला की ते गुदमरून मरतात. पहिल्या वर्षी माझं अर्धं पोतं असंच गेलं होतं.

माणशी तीन पौंड धरा. ऐकायला खूप वाटतं, पण वजनाच्या जेमतेम सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढं मांस निघतं.

प्रतिसाद २

मीही ह्यूस्टनचीच. कमी-जास्त तिखटाचा प्रश्न इथल्या व्हिएतनामी लोकांनी फार छान सोडवलाय. १९७५ नंतर ही मंडळी या किनाऱ्यावर आली, मासेमारीत शिरली, आणि पुढे त्यांच्या हॉटेलांत क्रॉफिश उकळून झाल्यावर लसूण-लोण्यात घोळवायला सुरुवात झाली. तसंच करा. उकळायचं पाणी बेताचं तिखट ठेवा आणि मुलांचा, आईंचा वाटा तिथूनच, मुरायला लागल्यावर पाच-सात मिनिटांत काढून घ्या. बाकीच्यांसाठी दहा पौंडांना एक पौंड लोणी, तीन गड्डे बारीक चिरलेला लसूण, ठेचलेला गवती चहा, लाल तिखट, मिरपूड, एका संत्र्याचा रस. लसूण लाल होऊ द्यायचा नाही, नुसता वास सुटेपर्यंत. मोठ्या झाकणाच्या भांड्यात क्रॉफिश आणि हे लोणी घालून हलवा. गवती चहा तुमच्या बाबांना नक्की ओळखू येईल.

प्रतिसाद ३

शाकाहारींसाठी वेगळा टोप, तोही आधी, घरातल्या गॅसवर. तोच कोरडा मसाला चालतो (त्यात मोहरी, धणे, तमालपत्र, लाल मिरची असंच असतं), पण डब्यावरचे घटक वाचून घ्या. बटाटे, कणसं आणि अख्खी अळंबी. अळंबी स्पंजासारखा मसाला पिते, तीच आधी संपते. चिमटा आणि झारा वेगळा. आणि कृपा करून प्रत्येक पाहुण्याला आधीच विचारा, कोळंबी-खेकड्याची अ‍ॅलर्जी आहे का. माझ्या भाच्याला नुसत्या वाफेनं त्रास झाला होता.

धागाकर्ती: झालं, कसं झालं ते सांगते

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी ऊन होतं. ३३ पौंडांचं पोतं आलं. टोप ६० क्वार्टचाच मिळाला, म्हणून दोन घाण्यांत केलं. अ‍ॅलर्जीचं सगळ्यांना विचारलं आणि बरं झालं विचारलं. एका मुलीला होती, तिला आणि तिच्या आईला शाकाहारी टोपातलं घरातच वाढलं.

पहिल्या घाण्यात गॅस बंद केला तेव्हा बाबा घड्याळ घेऊन टोपाशी उभे राहिले. दहा मिनिटांनी चाखलं तर मागच्यासारखंच, वरवरचं. माझं तोंड उतरलं. बाबा म्हणाले, थांब, अजून तरंगतायत. अठराव्या मिनिटाला निम्मे खाली गेले होते. पंचविसाव्या मिनिटाला वर फक्त लिंबाच्या साली उरल्या. तेव्हा जे सोललं त्याच्या शेपटीच्या पार टोकापर्यंत मीठ आणि तिखट होतं, आणि चावल्यावर आतून आंबट रस आला. मागच्या वेळचा टोप तोच असता तरी फक्त हा अर्धा तास पुरला असता, हे आता कळतंय.

लोण्याचा भाग दुसऱ्या घाण्याला केला. गवती चहा कुणाच्या लक्षात येतोय का बघत होते. आईनं वास घेतला आणि म्हणाली, चहा ठेवलास का? पहिल्या घाण्याचे बटाटे थोडे कच्चे राहिले, मोठे होते, अर्धे करायला हवे होते. अळंबी शाकाहारी मंडळींच्या वाट्याला कमी पडली, कारण बाकीच्यांनी मागून घेतली.

टेबलावर प्लास्टिक, त्यावर वर्तमानपत्रं, आणि मधोमध ढीग. ताटं नाहीत. बाबांनी एकदा नवऱ्याकडे बघितलं, शेपूट पिळून वेगळी केली, मांस खाल्लं आणि कुणी न सांगता डोकं तोंडाला लावून चोखलं. अंगठ्यावर केशरी लाख (डोक्यातला मऊ गर) ओघळली होती, तीही चाटली. आमच्याकडे मुठ्यांचं असंच करायचे म्हणाले. मग शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या मित्राला, भाषा येत नसताना, मुठ्याचा पेंदा कसा उघडायचा ते हातवाऱ्यांनी दाखवत बसले.

पाचेक पौंड उरले. रात्रीच सोलून ठेवले, पाऊण पौंड शेपट्या निघाल्या, त्यांचं उद्या एतूफे (भातावर घ्यायचा इथला दाट रस्सा) करणार आहे. डोकी आणि कवचं बाबांनी टाकू दिली नाहीत, फ्रीजरमध्ये आहेत. त्यांचं म्हणणं, मुठ्यांचं करतात तसं ठेचून, गाळून, सार करू. मसाला आधीच इतका मुरलेला असताना ते खारट होईल का? कुणी केलं असेल तर पाण्याचं प्रमाण सांगाल का?