शब्दचर्चा : अभ्यंगस्नान, न्हाण आणि आंघोळ

विचारणा

‘रामकुंडात भाविकांनी अभ्यंगस्नान केले’ अशा धर्तीची वाक्ये हल्ली लेखांतून आणि निमंत्रणपत्रिकांतून वारंवार आढळतात. कोणत्याही पवित्र स्नानाला अभ्यंगस्नान म्हणता येते काय? ‘अभ्यंग’ हा शब्द एकटा वापरला तर त्याचा अर्थ स्नान असाच होतो, की आणखी काही? ‘न्हाण’ आणि ‘आंघोळ’ हे याच अर्थाचे मराठी शब्द मानावेत काय? शिवाय ‘अभ्यंगस्नान’ हे जोडून लिहावे की तोडून, हेही जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद

आपण दिलेल्या उदाहरणातला शब्द माझ्या मते सरळसरळ चुकीचा आहे. ‘अभ्यंग’ म्हणजे स्नान नव्हे, तर अंगाला तेल माखणे. ‘अभि’ हा उपसर्ग आणि ‘अंज्’ (माखणे, लेपणे) हा धातू यांपासून तो शब्द झाला असून डोळ्यांतले ‘अंजन’ त्याच धातूचे आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदग्रंथात दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग रोज करावा, डोके, कान आणि पाय यांना तर तो विशेषेकरून करावा, असे सांगितले आहे. त्यानंतर व्यायाम येतो, मग उद्वर्तन, म्हणजे अंगाला उटणे चोळणे, येते आणि स्नान त्याच्याही पुढे येते. म्हणजे वैद्यकाच्या लेखी या वेगवेगळ्या क्रिया आहेत. आयुर्वेदिक रुग्णालयात ‘आज अभ्यंग झाला’ असे म्हणतात तेव्हा रुग्णाच्या अंगाला तेल चोळून झाले एवढाच त्याचा अर्थ असतो. पंचांगात आणि पूजेच्या पोथीत येते ते ‘अभ्यंगस्नान’ म्हणजे आधी तेल, मग उटणे आणि शेवटी ऊन पाणी.

आता तीर्थस्नानाचे पाहू. नदीत पर्वणी साधताना तेल लावायचे नसते. अंगाचा मळ घरी किंवा मुक्कामी धुऊन यावा आणि तीर्थात केवळ बुडी मारावी, अशी रीत आहे. तेव्हा रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तावर सिंहस्थात जे घडते त्याला ‘पर्वस्नान’, ‘तीर्थस्नान’ किंवा नाशिककरांच्या तोंडी असलेले ‘पर्वणी’ हे शब्द योग्य होत. तेथे अभ्यंगस्नान हा शब्द योजणे म्हणजे जे वर्ज्य आहे तेच केल्याचे सांगणे ठरते.

धर्मशास्त्रात स्नानाचे सहा प्रकार सांगतात. नित्य, नैमित्तिक, काम्य, क्रियांग, मलापकर्षण आणि क्रियास्नान असे ते प्रकार असून अभ्यंगपूर्वक स्नान त्यांपैकी मलापकर्षणात, म्हणजे मळ काढण्यासाठी करावयाच्या स्नानात मोडते. तीर्थस्नानाला पुण्य आहे. मलापकर्षणाचा हेतू मात्र उघडच स्वच्छतेचा आहे. असे असूनही मराठी मनात आज सर्वांत मंगल स्नान कोणते, तर हेच. त्याचे कारण दिवाळी.

शंका

चतुर्दशीला तर तेल वर्ज्य सांगितले आहे ना? आमच्या घरी जुनी मंडळी अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या आणि संक्रांत या पर्वदिवशी डोक्याला तेलाचा थेंब लावू देत नसत. मग नरकचतुर्दशीलाच तेल अनिवार्य कसे?

प्रतिसाद

आपली शंका अगदी योग्य आहे, किंबहुना या विधीची सारी गंमत तिच्यातच आहे. विष्णुपुराणात हे पाचही पर्वदिवस सांगितले असून त्या दिवशी तेल वर्ज्य केले आहे. आश्विन कृष्ण चतुर्दशी हा त्या नियमाचा ठरवून केलेला अपवाद. त्या दिवशी तेलात लक्ष्मी आणि पाण्यात गंगा वास करते, अशी समजूत निबंधकारांनी, म्हणजे धर्मशास्त्रातली वचने संकलित करणाऱ्या ग्रंथकारांनी, ‘तैले लक्ष्मीर्जले गङ्गा’ या वचनाने नोंदवली आहे. एरवी ज्या तिथीला तेल निषिद्ध, त्याच तिथीला ते आवश्यक ठरवायचे तर एवढे भक्कम कारण द्यावेच लागणार. वर्षाचा आरंभ, वसंताचा आरंभ आणि बलिप्रतिपदा या दिवशी जो तैलाभ्यंग करत नाही तो नरकात जातो, असेही एक वचन आहे. त्यामुळे गुढीपाडव्याची तेल लावून केलेली आंघोळ हीदेखील शास्त्रातलीच होय, केवळ घरची सवय नव्हे.

काळाविषयी दोन शब्द. ग्रंथांत हे स्नान चंद्रोदयाच्या वेळी सांगितले आहे. कृष्ण चतुर्दशीचा चंद्र सूर्योदयाच्या थोडासाच आधी उगवत असल्याने ‘चंद्रोदयी स्नान’ आणि ‘पहाटेची आंघोळ’ हे व्यवहारात एकच. म्हणूनच उजाडल्यावर आंघोळ करणारा नरकात जातो असे सांगून मुलांना अंथरुणातून उठवण्याची प्रथा पडली.

पंढरपूरचे काशीनाथ उपाध्याय यांनी 1790 मध्ये पूर्ण केलेला धर्मसिंधु आणि त्याआधीचा, 1612 मधला कमलाकरभट्टांचा निर्णयसिंधु, या दोन ग्रंथांवर महाराष्ट्रातल्या बहुतेक पंचांगांचे धार्मिक निर्णय आधारलेले असतात. त्यांतल्या विधीत आज पार विसरला गेलेला एक भाग आहे. स्नान चालू असताना अपामार्गाची, म्हणजे आघाड्याची, फांदी अंगावरून पुन्हा पुन्हा फिरवायची आणि ‘हर पापमपामार्ग भ्राम्यमाणः पुनः पुनः’ असे म्हणायचे. त्या मंत्रात आघाड्याला ‘सीतालोष्ठसमायुक्त’ म्हटले आहे. ही सीता म्हणजे जानकी नव्हे, तर नांगराने पाडलेले तास, आणि लोष्ठ म्हणजे ढेकूळ. नुकत्याच नांगरलेल्या शेतातल्या ढेकळासह काटेरी आघाडा अंगावरून ओवाळायचा, असा हा शेतकऱ्याच्या घरचा विधी आहे. शहरातल्या न्हाणीघरातून तो नाहीसा झाला यात नवल नाही. मात्र शब्द टिकून क्रिया गळाल्या की अर्थ कसा पातळ होतो, हे येथे दिसते. स्नानानंतर दक्षिणेकडे तोंड करून यमाच्या चौदा नावांनी तर्पण करायचे असते. ज्याचे वडील हयात आहेत त्याने तर्पण करू नये हा सर्वसाधारण संकेत यमतर्पणाला लागू नाही, हा या दिवसाचा आणखी एक अपवाद.

पुरवणी (गोव्याहून)

वरील विवेचनात कारीट राहिले. कोकणात आणि गोव्यात त्यावाचून हा विधी पुरा होत नाही. तुळशीवृंदावनापाशी हे लहानसे कडू फळ डाव्या पायाच्या अंगठ्याने ‘गोविंदा, गोविंदा’ म्हणत चिरडायचे, त्याचा किंचित रस कपाळाला लावायचा आणि बी जिभेला टेकवून त्याचा कडूपणा अनुभवायचा, अशी रीत आहे. फळ म्हणजे नरकासुर आणि रस म्हणजे त्याचे रक्त. श्रीकृष्ण नरकासुराला मारून पहाटे परतला, तेव्हा त्याला तेल लावून न्हाऊ घातले, अशी कथा सांगतात. आमच्याकडे नरकासुराच्या मोठमोठ्या प्रतिमा रात्रभर मिरवून पहाटे जाळतात आणि त्यानंतरच आंघोळी होतात. संस्कृत ग्रंथांतला आघाडा आणि आमचे कारीट, दोन्ही रानातलीच. फरक एवढाच की एकाने पाप झाडायचे असते आणि दुसऱ्याला चिरडायचे असते.

पुरवणी (चेन्नईहून)

येथे दीपावलीच्या सकाळी लोक एकमेकांना ‘गंगास्नानम् आच्चा?’, म्हणजे ‘गंगास्नान झाले का?’ असे विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात असते ते घरात तेल लावून ऊन पाण्याने केलेले स्नान. पाण्यात गंगा असल्याचे वर जे वचन दिले आहे, तेच येथे प्रश्नाच्या रूपाने नांदते आहे.

प्रतिसाद

दोन्ही पुरवण्यांबद्दल आभार. आता ‘न्हाण’ या शब्दाकडे वळतो, कारण माझ्या दृष्टीने या चर्चेतला सर्वांत समृद्ध शब्द तोच आहे.

संस्कृत ‘स्नान’, प्राकृत ‘ण्हाण’ आणि मराठी ‘न्हाण’, अशी सरळ वाट आहे. पालीत केस कापणाऱ्याला ‘न्हापित’ म्हणत. आपल्या ‘न्हावी’चे नाते तेथे पोहोचते. मात्र ‘आंघोळ’ आणि ‘न्हाण’ यांत बोलीने एक सूक्ष्म भेद राखला आहे. आंघोळ रोजची असते आणि ती खांद्यापासून खाली केली तरी चालते, तर न्हाण डोक्यावरून होते. ‘आज न्हायचे आहे’ असे घरातली बाई म्हणते तेव्हा ती केस धुणार आहे, हे ऐकणाऱ्याला कळते. न्हाण हे बहुधा एका टप्प्याशीही बांधलेले असते. मुलीला न्हाण येणे म्हणजे ती वयात येणे, ‘न्हातीधुती’ म्हणजे वयात आलेली, बाळंतिणीचे न्हाण वेगळे, आणि लग्नात हळद उतरल्यावर चार कोपऱ्यांवर तांबे मांडून, त्यांभोवती सूत फिरवून घालतात ते न्हाण आणखी वेगळे. यांपैकी एकाही ठिकाणी ‘आंघोळ’ हा शब्द शोभणार नाही.

या भेदाचा सर्वांत चांगला पुरावा म्हणजे बोरन्हाण. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही लहान मुलाला हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात आणि त्याच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे आणि रेवड्या ओततात. या न्हाणात पाण्याचा एक थेंबही नसतो. म्हणजे ‘न्हाण’ या शब्दाच्या गाभ्याशी धुणे नसून डोक्यावरून काहीतरी शुभ ओतणे आहे. ‘बोर-आंघोळ’ असा शब्द कोणी घडवून पाहिला, तर तो मराठी कानाला का खटकतो हे लगेच कळेल.

मग ‘अभ्यंगस्नान’ला अस्सल मराठी प्रतिशब्द आहे काय? माझ्या मते आहे, आणि तो आपण रोज वापरतो : ‘न्हाऊमाखू घालणे’. ‘माखणे’ हे संस्कृत ‘म्रक्षण’पासून आले असून त्याचाही अर्थ तेल-तूप चोळणे हाच आहे. अभ्यंग म्हणजे माखणे आणि स्नान म्हणजे न्हाणे. क्रियेत माखणे आधी आणि न्हाणे नंतर येते, बोलण्यात मात्र क्रम उलटला आहे. पण तान्ह्या बाळाची टाळू भरून, हातापायांना तेल जिरवून, मग पायांवर पालथे घालून त्याला न्हाऊ घालणारी आजी संस्कृत शब्द न उच्चारता रोज अभ्यंगस्नानच घालत असते.

‘उटणे’ हेही याच घराण्यातले. अष्टांगहृदयातले ‘उद्वर्तन’ प्राकृतात ‘उव्वट्टण’ झाले. त्यापासून हिंदीत ‘उबटन’ आले आणि मराठीत ‘उटणे’. नागरमोथा, वाळा, गव्हला, कचोरा, आंबेहळद, चंदन यांची कोरडी पूड असते, ती तेल माखलेल्या अंगावर चोळली की तेल आणि मळ दोन्ही निघतात. ‘उटी’ मात्र निघण्यासाठी नसते, राहण्यासाठी असते. पंढरपूरला उन्हाळ्यात विठ्ठलाला चंदनाची उटी लावतात ती अंगाला थंडावा मिळावा म्हणून. तेव्हा ‘देवाला उटणे लावले’ आणि ‘देवाला उटी लावली’ ही दोन वाक्ये परस्परांऐवजी वापरू नयेत.

शंका

‘स्ना’ धातूचाच विषय निघाला आहे, तर ‘स्नातक’ आणि ‘निष्णात’ हे शब्दही यात यावेत काय?

प्रतिसाद

अवश्य यावेत. गुरुगृही अध्ययन संपल्यावर समावर्तनाच्या वेळी, म्हणजे आपण ज्याला सोडमुंज म्हणतो त्या संस्कारात, ब्रह्मचाऱ्याला विधिपूर्वक स्नान घालत आणि ते झालेला तो ‘स्नातक’. पदवीधराला स्नातक म्हणताना त्या स्नानाची आठवण कोणाला राहत नाही, आणि राहिलीच पाहिजे असेही नाही. ‘निष्णात’ची कथा अधिक रंजक आहे. ‘नि’ आणि ‘नदी’ या शब्दांपुढे ‘स्ना’ धातू आला आणि अर्थ कौशल्याचा असला, तरच त्यातल्या ‘स’चा ‘ष’ होतो, असा नियम पाणिनीने अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायात दिला आहे. म्हणून ‘नदीष्ण’ म्हणजे नदीत उतरण्यात वाकबगार. जो केवळ नदीत आंघोळ करतो त्याला हा ‘ष’ मिळत नाही.

राहिला लेखनाचा प्रश्न. ‘अभ्यंगस्नान’ हा समास असल्याने तो जोडूनच लिहावा. दिवाळीच्या जाहिरातींतून दिसणारे ‘अभ्यंग्यस्नान’ हे रूप अशुद्ध आहे, आणि ‘अभ्यंगस्नानाची आंघोळ’ ही द्विरुक्ती आहे. बोलताना मात्र ‘दिवाळीची पहिली आंघोळ’ म्हणावे. ते शब्द मुळीच कमी प्रतीचे नाहीत.