इंग्लंडमधील गुलाबांच्या युद्धांची स्थळे: किल्ले पाहावेत की थडगी?

प्रश्न

गुलाबांच्या युद्धांशी, म्हणजे पंधराव्या शतकात इंग्लंडच्या सिंहासनासाठी यॉर्क आणि लँकास्टर या घराण्यांत झालेल्या लढायांशी, संबंधित स्थळे पाहण्यासाठी इंग्लंडला जाण्याचा विचार आहे. लंडनचा टॉवर आणि विंडसर प्रत्येक प्रवासपुस्तिकेत असतात. परंतु यॉर्क व लँकास्टर ही घराणी आणि त्यांच्या बाजूने लढलेले सरदार यांचा माग काढायचा झाल्यास कोठून सुरुवात करावी, हे ठरत नाही. तिसरा रिचर्ड १४५२ मध्ये ज्या फॉदरिंगे किल्ल्यात जन्मला, तेथे आता मातीचा उंचवटा आणि बांधकामाचा एक तुकडा एवढेच उरले आहे, असे वाचले. अशा ठिकाणी मुद्दाम जाण्यात अर्थ आहे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

माझ्या मते स्थळांची यादी करण्याऐवजी एक घराणे निवडावे, आणि ते नेव्हिल असावे, कारण या घराण्याने दोन्ही पक्षांशी सोयरिकी केल्या होत्या. राल्फ नेव्हिलची मुलगी सेसिली ही चौथा एडवर्ड आणि तिसरा रिचर्ड या दोन राजांची आई, तर राल्फचा नातू म्हणजे ‘राजे घडवणारा’ म्हणून ओळखला जाणारा अर्ल ऑफ वॉरिक.

हा धागा हाती असला, की ट्यूक्सबरी ॲबीत, म्हणजे तेथील जुन्या मठाच्या चर्चमध्ये, नुसते सुंदर खांब दिसत नाहीत. वॉरिकचे दोन जावई तेथे विसावले आहेत. मोठी मुलगी इझाबेल आणि तिचा पती ड्यूक ऑफ क्लॅरेन्स, ज्याला सख्ख्या भावाच्या, म्हणजे चौथ्या एडवर्डच्या राजवटीत १४७८ मध्ये देहदंड झाला, हे मुख्य वेदीमागच्या तळघरात आहेत. आणि धाकट्या ॲनचा पहिला पती, लँकास्टर पक्षाचा राजपुत्र एडवर्ड, ४ मे १४७१ रोजी जवळच्याच रणांगणावर मारला गेला, त्याच्या नावाची पितळी पट्टी फरशीत बसवलेली आहे. त्या पट्टीजवळ उभे राहून वर छताकडे अवश्य पाहावे: तेथे विजयी यॉर्क घराण्याचे सोनेरी सूर्य आहेत. पराभूत राजपुत्राच्या स्मृतीवर विजेत्याचे चिन्ह, हे दृश्य मला कोणत्याही किल्ल्याहून अधिक बोलके वाटते.

उत्तर २

वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे. मात्र किल्ल्यांना इतके दुय्यम स्थान देऊ नये, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. यॉर्कशरमधील मिडलहॅम हा नेव्हिलांचाच किल्ला. रिचर्डने कुमारवयाचा काही काळ वॉरिकच्या आश्रयाखाली तेथे काढला, पुढे वॉरिकच्या मृत्यूनंतर तो किल्ला त्याला मिळाला आणि विधवा झालेल्या ॲनशी त्याने विवाह केला. छप्पर नाही, तरी बाराव्या शतकातील भव्य बालेकिल्ल्याच्या भिंती अजून उंच उभ्या आहेत.

फॉदरिंगेबद्दल म्हणाल, तर उंचवट्यासोबत तेथील चर्चही पाहावे. १४६० मध्ये वेकफील्डच्या लढाईत पडलेल्या ड्यूक ऑफ यॉर्कच्या, म्हणजे सेसिलीच्या पतीच्या, अस्थी चौथ्या एडवर्डने १४७६ मध्ये मोठ्या मिरवणुकीने तेथे आणवल्या. नंतर मठ बंद झाले, चर्चचा पूर्वेकडील भाग पडला, आणि ड्यूक व सेसिली यांची उघडी पडलेली थडगी पहिल्या एलिझाबेथने वेदीच्या दोन बाजूंना नव्याने बांधून घेतली. त्याच किल्ल्यात १५८७ मध्ये स्कॉटलंडची राणी मेरी हिला देहदंड देण्यात आला, त्यामुळे मोकळ्या जागेलाही तेथे इतिहासाचे वजन आहे.

उत्तर ३

लेस्टर वगळू नका. तेथे २०१२ मध्ये वाहनतळाखाली रिचर्डचा सांगाडा सापडला, तो खड्डा आता संग्रहालयात काचेखाली जपला आहे, आणि २६ मार्च २०१५ रोजी समोरच्या कॅथीड्रलमध्ये त्याचे पुन्हा दफन झाले. ज्या लढाईत रिचर्ड मारला गेला, त्या बॉसवर्थच्या रणांगणाचे माहितीकेंद्र ॲम्बियन टेकडीवर आहे. परंतु तोफगोळे आणि रिचर्डचे चिन्ह असलेला चांदीचा छोटा रानडुक्कर जेथे मिळाला, ती जागा नैर्ऋत्येला सुमारे तीन किलोमीटरवर आहे. टेकडीवरूनच लढाईची कल्पना बांधल्यास गफलत होईल.

थडगी पाहण्यासाठी रविवार टाळावा. या सर्व वास्तूंत आजही उपासना चालते. वेस्टमिन्स्टर ॲबी तर त्या दिवशी पर्यटकांसाठी बंदच असते. इतर दिवशीही विवाह किंवा अंत्यविधीमुळे काही भाग अचानक बंद ठेवला जातो, म्हणून निघण्यापूर्वी त्या त्या संकेतस्थळावर वेळा तपासाव्यात.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. नेव्हिल घराण्याचा माग घ्यायचे नक्की केले. ॲनची स्वतःची कबर कोठे आहे?

उत्तर १

वेस्टमिन्स्टर ॲबीतच. १६ मार्च १४८५ रोजी तिचे निधन झाले आणि मुख्य वेदीजवळ दफन झाले. मात्र राणी असूनही तिचे थडगे उभारले गेले नाही. १९६० मध्ये लावलेला एक स्मृतिफलक तेवढा आहे, तो शोधून पाहावा.